आधी पॅकेज, अगदीच अडलं तर पोर्ट

माझ्या ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिच्यात सॉफ्टवेअर दोन प्रकारे मिळतं: आधीच बांधलेलं तयार 'पॅकेज', किंवा आपल्याच मशीनवर सोर्समधून बांधायचं 'पोर्ट'. जवळजवळ सगळं मी 'पीकेजी इन्स्टॉल'ने, म्हणजे तयार पॅकेज म्हणूनच घेते. एकदा हौसेने एलएलव्हीएम (कंपायलरचा एक भलामोठा संच) सोर्समधून कंपाइल करायला घेतलं. सकाळी उठले तरी पंखा घरघरतच होता. नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

पण ऑडिओ-व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेगचं वेगळं. त्यातला एफडीके-एएसी हा एएसी ऑडिओसाठीचा एन्कोडर परवान्याच्या अटींमुळे तयार पॅकेजमध्ये येत नाही. तो हवा तर पोर्टच बांधावा लागतो.

पोर्ट्सचा साठा, म्हणजे ते बांधायच्या कृतींचा संग्रह, गिट या आवृत्ती सांभाळणाऱ्या साधनाने आणताना त्याची शाखा (ब्रँच) नीट पाहा. पॅकेजं मुळात तिमाही शाखेतून येतात, म्हणून साठाही त्याच तिमाहीचा घ्या. मुख्य शाखा घेतलीत तर लायब्ररींच्या आवृत्त्या जुळत नाहीत आणि दिवस वाया जातो. मग पोर्टच्या फोल्डरमध्ये 'मेक कॉन्फिग' चालवून हवा तो पर्याय निवडा. पुढची पायरी कृपया गाळू नका: 'मेक इन्स्टॉल-मिसिंग-पॅकेजेस'. पोर्टला लागणारी बाकीची सामग्री तयार पॅकेजांतून येते, तासन्‌तास वाचतात. शेवटी 'मेक इन्स्टॉल क्लीन'.

लगेच 'पीकेजी लॉक' लावा, नाहीतर पुढच्या अपग्रेडमध्ये साधं पॅकेज त्याच्यावर येऊन बसू शकतं. कुलूप लावलं की सुरक्षेच्या दुरुस्त्याही आपोआप येत नाहीत, तेव्हा दर आठवड्याला 'पीकेजी ऑडिट' चालवा; बसवलेल्या पॅकेजांतल्या माहीत असलेल्या सुरक्षा-त्रुटी ते दाखवतं.