जी आणि एफ: सर्च मॉडेलमधून पगाराचं वितरण काढायला बसणाऱ्यांसाठी

बर्डेट-मॉर्टेन्सन मॉडेल (नोकरीत असतानाही लोक बऱ्या ऑफर शोधत राहतात, असं धरणारं श्रमबाजाराचं मॉडेल) वाचून झालंय, डेटा हाताशी आहे आणि आता अंदाज काढायचाय, अशांसाठी हे लिहितोय. रिझर्वेशन वेज (ज्याखाली नोकरी घ्यायचीच नाही तो पगार), पॉयसन दर (ऑफरसारख्या अवचित घटना सरासरी किती वेगाने येतात ते) वगैरे तुम्हाला येतंच.

सर्वेक्षणात दिसणारं पगाराचं वितरण म्हणजे ऑफरचं वितरण नव्हे. वर्गात हे सगळ्यांना पटतं, आणि कोड लिहिताना नेमकं हेच निसटतं. नोकरीत असलेले लोक बरी ऑफर आली की तिकडे जातात, म्हणून कोणत्याही दिवशी पाहणी केली तरी ते वरच्या पगारांकडे सरकलेले दिसतात. त्यांच्या पगाराचं वितरण जी, म्हणजे दिलेल्या पगारापर्यंत त्यांचा किती हिस्सा येतो ते, आणि कंपन्या देऊ करतात त्या पगारांचं तसंच वितरण एफ. दोघांचं नातं असं:

एफ = (१ + कप्पा) × जी ÷ (१ + कप्पा × जी)

कप्पा म्हणजे ऑफर येण्याचा दर लॅम्डा भागिले नोकरी सुटण्याचा दर डेल्टा. महिन्याला लॅम्डा ०.१० आणि डेल्टा ०.०२ धरा, कप्पा ५ येतो. जी ०.५ असेल तिथे एफ निघतो ३ ÷ ३.५, म्हणजे ०.८६. बरोबर मधल्या कामगाराला आज मिळणारा पगार शंभरातल्या ८६ ऑफरांपेक्षा वरचा असतो. तुम्ही जी लाच एफ धरलंत, तर या माणसाला निम्म्या ऑफर आकर्षक वाटतील असं मॉडेल समजतं. प्रत्यक्षात फक्त १४ टक्के वाटतात. डेटात तेवढे नोकरीबदल सापडत नाहीत, मग लॅम्डा खाली ओढला जातो. प्रोग्राम तक्रार करत नाही, उत्तर देतो, स्टँडर्ड एररही (अंदाजातली अनिश्चितता) छान लहान येतात. म्हणून जपा.

सरळ वाट बॉन्टाँ, रोबाँ आणि व्हान डेन बर्ग यांनी २००० साली दाखवलेली आहे. आधी जी आणि तिची घनता (त्या पगाराच्या आसपास लोक किती दाट आहेत ते) कर्नेलने, म्हणजे जवळच्या निरीक्षणांची भारित सरासरी घेऊन, काढा. मग ती जी घालून नोकरीच्या कालावधींवरून लॅम्डा-डेल्टा काढा. शेवटी प्रत्येक पगारामागची उत्पादकता, म्हणजे तो पगार देणाऱ्या कंपनीला एका कामगारामागे मिळणारं उत्पादन:

उत्पादकता = पगार + (१ + कप्पा × जी) ÷ (२ × कप्पा × घनता)

दुसऱ्या पायरीत एक खड्डा आहे. सर्वाधिक पगारवाल्याची जी १ येते, मग त्याला आणखी चांगली ऑफर मिळण्याची शक्यता शून्य. तो नोकरी बदलताना दिसला की लॉग-लाइकलिहूड (मॉडेलनुसार हा डेटा दिसण्याच्या शक्यतेचा लॉग) उणे अनंत. पगाराच्या चढत्या क्रमातला क्रमांक ÷ (एकूण संख्या + १), अशी जी घ्या. तेवढ्याने अडचण सुटते.

तिसऱ्या पायरीत उत्पादकता पगाराबरोबर वाढत गेली पाहिजे. किमान वेतनाजवळ घनता एकदम चढते, तिथे ती हमखास उलटी फिरते. बँडविड्थ, म्हणजे कर्नेल किती रुंद पट्ट्यावर सरासरी घेतो ते, थोडी वाढवून बघा. तरीही वळण राहिलं तर त्या पट्ट्यात मॉडेल बसत नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. बँडविड्थ फुगवत नेऊन ते वळण झाकू नका.

पाहणीच्या दिवशी नोकरीत असलेले लोक घेतले असतील, तर झालेला आणि उरलेला कालावधी वेगवेगळा वापरा. दोन्हींची बेरीज घातांकी (एक्स्पोनेन्शियल) वितरणाची नसते, कारण लांबलेल्या नोकऱ्या अशा नमुन्यात जास्त सापडतात. आपल्याकडचा पीएलएफएस (सरकारचं नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण) वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधीच तपासावी: त्यात नियोक्त्याची ओळख नसते, त्यामुळे नोकरीतून नोकरीत गेलेला माणूस थेट दिसत नाही. लॅम्डा मुळात त्यावरच उभा असतो.

तयार कोड उतरवून घ्या असं सांगणारे मार्गदर्शक भेटतील. माझं मत ठाम विरुद्ध आहे. आधी स्वतः ५,००० कामगारांचा कृत्रिम डेटा बनवा, वरचेच दर घाला, आणि कप्पा ५ च्या आसपास परत मिळतो का पाहा. हे दोन दिवसांचं काम आहे, अवघड नाही, आणि तुम्हाला जमेल. मिळत नसेल तर चूक बहुधा जी-एफच्या ओळीत किंवा महिने-वर्षांच्या एककांत असते.

आणि बूटस्ट्रॅप (नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढून अनिश्चितता मोजणं) करताना फक्त दुसरी पायरी फिरवू नका. प्रत्येक फेरीत माणसं नव्याने निवडून जी पासून सगळं पुन्हा काढा, नाहीतर कर्नेलमधली अनिश्चितता स्टँडर्ड एररमध्ये येतच नाही.