इंग्रजीत ‘डाउट’ वापरताना या चुका टाळा

शाळेत आणि क्लासमध्ये जे इंग्रजी शब्द आपल्या तोंडी लवकर बसतात, त्यांत ‘डाउट’ असतोच. ‘सर, एक डाउट आहे’, ‘डाउट सेशन किती वाजता?’, ‘आईला डाउट आला बहुतेक’. मराठी बोलताना या शब्दाने कुणाचं काही अडत नाही. अडतं ते हाच शब्द इंग्रजी वाक्यात घालून आपण भारताबाहेरच्या माणसाशी बोलतो तेव्हा. आपल्या ‘शंका’त न समजलेलं विचारणंही येतं आणि संशय घेणंही येतं. इंग्रजी ‘डाउट’मध्ये मात्र अविश्वास असतो आणि तो नकाराकडे झुकलेला असतो. पुढच्या बहुतेक चुका या एका फरकातून होतात.

विचारायचा असतो प्रश्न

ऑफिसच्या मेलमध्ये हमखास दिसणारं वाक्य घ्या: ‘आय हॅव सम डाउट्स अबाउट युअर डिझाइन.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, दोन-तीन गोष्टी समजल्या नाहीत, जरा सांगाल का? लंडनमध्ये किंवा शिकागोत बसलेला माणूस वाचतो ते असं: तुमचं डिझाइन चालेल असं मला वाटत नाही. मग तो माहिती देण्याऐवजी आपल्या कामाची बाजू मांडत बसतो, आणि इकडे आपल्याला कळत नाही की साध्या प्रश्नावर एवढं लांबलचक उत्तर का आलं.

इथे ‘आय हॅव अ फ्यू क्वेश्चन्स अबाउट द डिझाइन’ एवढं पुरे. एखादा मुद्दा नीट समजून घ्यायचा असेल तर ‘कुड यू क्लॅरिफाय द सेकंड पॉइंट?’ म्हणावं. मुलाखतीत तर हे जास्तच सांभाळा. ‘आय हॅव अ डाउट अबाउट द रोल’ असं उमेदवार म्हणाला, तर समोरच्याला वाटतं याला नोकरीच नको आहे.

म्हणून वर्गातल्या मुलाचा ‘डाउट’ खोडून काढायची मात्र गरज नाही. भारतीय इंग्रजीत तो रुळलेला आहे, शिक्षकाला कळतो, मुलाला हात वर करायचं बळ देतो. स्पॅनिश बोलणारेही त्यांच्या ‘दुदा’मुळे इंग्रजीत हेच करतात. श्रोता कोण आहे हे पाहून शब्द बदलायचा, एवढंच.

संशय आहे, म्हणजे ‘सस्पेक्ट’

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तापाने फणफणलेल्या आजोबांना दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी पाहिलं आणि रक्त तपासायला सांगितलं. डॉक्टरांना डेंग्यूचा संशय आहे. अमेरिकेतल्या नातवाच्या घरी फक्त इंग्रजी समजणारी नातसून आहे, तिला मेसेज जातो: ‘डॉक्टर डाउट्स इट इज डेंग्यू.’ या वाक्याचा इंग्रजीत अर्थ होतो, डेंग्यू असेल असं डॉक्टरांना वाटत नाही. म्हणजे नेमका उलटा. तिकडे सगळे निर्धास्त, इकडे प्लेटलेट मोजणं चालू.

बरोबर वाक्य: ‘द डॉक्टर सस्पेक्ट्स डेंग्यू.’ असेल असं वाटतं तिथे ‘सस्पेक्ट’, नसेल असं वाटतं तिथे ‘डाउट’. ‘आय सस्पेक्ट ही टुक द मनी’ म्हणजे पैसे त्यानेच घेतले असावेत. ‘आय डाउट ही टुक द मनी’ म्हणजे त्याने घेतले नसावेत. एका शब्दाने माणूस आरोपी ठरतो किंवा सुटतो, म्हणून पोलीस तक्रार, विम्याचा अर्ज, ऑफिसातली चौकशी अशा ठिकाणी हे वाक्य दोनदा वाचा.

मराठी बातमीचं इंग्रजी करणाऱ्यांनीही इथे थांबावं. ‘पोलिसांना घातपाताचा संशय’ यात पोलीस ‘सस्पेक्ट’ करतात. ‘संशयित’ म्हणजेही ‘सस्पेक्ट’, फक्त नाम म्हणून बोलताना जोर पहिल्या अक्षरावर येतो आणि क्रियापदात दुसऱ्यावर.

जुन्या इंग्रजी लिखाणात आणि आजही स्कॉटलंडच्या बोलीत ‘आय डाउट’ हे ‘मला वाटतं, मला भीती वाटते’ अशा अर्थाने येतं. तिथला माणूस ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणाला तर छत्री घेऊन निघावं. पण परीक्षेत किंवा कामाच्या पत्रात तो वापर चालत नाही.

दोन नकार एका वाक्यात

‘तो येणार नाही अशी शंका आहे.’ मराठीत हे वाक्य स्वच्छ आहे. त्याचं शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं की होतं, ‘आय डाउट ही विल नॉट कम.’ आता ‘डाउट’मध्ये नकार आधीच आहे, त्यात ‘नॉट’ची भर पडली. ऐकणारा हिशेब करतो: न येण्याबद्दल शंका, म्हणजे येणार. तुम्ही त्याच्या वाटचं जेवण करायचं नाही म्हणून कळवलंत, आणि तिकडे एक ताट वाढलं.

इथे ‘नॉट’ काढून टाका: ‘आय डाउट ही विल कम.’ येईल की नाही हे खरंच माहीत नसेल, कुठल्याच बाजूला कल नसेल, तर ‘डाउट’ सोडा आणि ‘आय ॲम नॉट शुअर इफ ही विल कम’ म्हणा. वाक्य बरोबर झालं का हे पाहायची एक सोपी युक्ती आहे. ‘आय डाउट’च्या जागी ‘मला नाही वाटत’ ठेवून उरलेलं वाक्य मराठीत म्हणून पाहा. ‘मला नाही वाटत तो येईल’ हे जुळतं. ‘मला नाही वाटत तो येणार नाही’ म्हटलं की जीभच अडखळते.

‘डाउट ऑन हिम’ आणि ‘आय ॲम डाउटिंग’

‘त्याच्यावर शंका’ यातला ‘वर’ इंग्रजीत ‘ऑन’ होऊन येतो. ‘आय हॅव डाउट ऑन हिम’ चूक. ‘आय हॅव डाउट्स अबाउट हिम’ लिहावं, किंवा सरळ ‘आय डोन्ट ट्रस्ट हिम’. ‘ऑन’ शोभतो तो ‘कास्ट डाउट ऑन’ या वाक्प्रचारात: नव्या पुराव्याने जुन्या निकालावर प्रश्नचिन्ह उभं राहिलं, असं म्हणायचं असतं तेव्हा. ‘आय ॲम डाउटिंग’ही शक्यतो टाळा, साधा वर्तमानकाळच ठेवा.

न उच्चारलेला ‘बी’

स्पेलिंगमध्ये ‘बी’ गाळणारी मुलं खरं तर कानाशी प्रामाणिक असतात. लॅटिनमधला ‘दुबितारे’ फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा त्यातला ‘बी’ गळून गेलेला होता. पुढे लॅटिनच्या ओढीने विद्वानांनी तो लिहिण्यात परत घातला, बोलणाऱ्यांनी कधीच घेतला नाही. कर्जाच्या ‘डेट’मध्येही हेच झालं. ‘ड्यूबियस’ या भावंडात मात्र ‘बी’ ऐकू येतो, तो आठवला की स्पेलिंग चुकत नाही. या कुळाच्या मुळाशी लॅटिन ‘दुओ’, म्हणजे दोन. आपल्या ‘द्विधा’तला ‘द्वि’ त्याचाच भाऊबंद. मन दोन वाटांवर उभं राहणं दोन्हीकडे सारखंच दिसलं, हे मला फार सुंदर वाटतं.

जवळचे शब्द, पण वजन वेगळं

ग्राहक किंवा कार्यालय काही विचारतं तेव्हा ‘क्वेरी’. काळजी वाटते तेव्हा ‘कन्सर्न’: ‘आय हॅव अ कन्सर्न अबाउट सेफ्टी’ यात टीका नाही, जबाबदारी आहे. प्रस्ताव बराचसा पटतो पण एखादा भाग खटकतो, तर ‘रिझर्वेशन्स’, आणि हा शब्द मीटिंगमध्ये फार उपयोगी आहे, कारण विरोध नोंदवूनही दार उघडं राहतं. कारण सांगता येत नाही पण मनात चुकचुकतं, ते ‘मिसगिव्हिंग्ज’. माहितीच अपुरी असेल तर ‘अनसर्टन्टी’. ‘डाउटफुल’ आणि ‘ड्यूबियस’ यांतही फरक ठेवा. सामना होईल की नाही सांगता येत नाही, तो ‘डाउटफुल’. व्यवहारात काहीतरी काळंबेरं वाटतं, तो ‘ड्यूबियस’.

‘बेनिफिट ऑफ द डाउट’ आपल्याला क्रिकेटमुळे पाठ आहे. पंचाला खात्री नसली की निर्णय फलंदाजाच्या बाजूने. कोर्टाच्या बातमीत याचंच ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता’ होतं. रोजच्या बोलण्यात ‘आय विल गिव्ह हिम द बेनिफिट ऑफ द डाउट’ म्हणजे यावेळी त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवतो.

‘नो डाउट’ दिसतो तितका ठाम नाही

‘यात शंकाच नाही’ म्हणायचं म्हणून आपण ‘नो डाउट’ लिहितो. पण वाक्याच्या सुरुवातीला आलेला ‘नो डाउट’ बहुतेक वेळा ‘असेल बुवा’ किंवा ‘मान्य आहे’ इतपतच असतो, आणि वाचणारा पुढच्या ‘बट’ची वाट पाहू लागतो. शिफारसपत्रात ‘नो डाउट शी इज हार्डवर्किंग’ लिहिलंत तर ‘पण कामात चुका करते’ असं काहीतरी येणार, असंच त्याला वाटतं. तुमच्या विद्यार्थिनीबद्दल मनापासून खात्री असेल तर ‘शी इज विदाउट अ डाउट द मोस्ट हार्डवर्किंग स्टुडंट इन हर बॅच’ असं लिहा, आणि पुढच्याच ओळीत तिने केलेल्या एका कामाचं नाव घाला.