भाड्याच्या जागेतलं कार्पेट: खालचा फोम बदलायचा की राहू द्यायचा?

भाडेकरू गेला की कार्पेटला व्हॅक्यूम मारायचा, शॅम्पू करायचा आणि जागा दाखवायला काढायची, हा नेहमीचा रिवाज. कार्पेटखाली अंथरलेल्या फोमच्या थराकडे कुणी बघत नाही, आणि नव्या भाडेकरूची पहिली तक्रार तिथूनच येते: खोलीला वास येतो, नाहीतर चालताना फरशी टोचते. सोलापुरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट घरांपेक्षा ऑफिस, दवाखाने आणि क्लासच्या जागांत जास्त दिसतं, पण पारख सगळीकडे सारखीच.

आधी खाली फोम आहे का ते पाहा. पुष्कळ ऑफिसांत कार्पेट थेट फरशीला चिकटवलेलं असतं, तिथे हा प्रश्नच येत नाही. फोम असेल तर दारापासून लांबचा कोपरा पक्कडीने धरून हळू वर ओढा. कडेला कार्पेट पकडून ठेवणाऱ्या लाकडी ग्रिपर पट्टीचे खिळे वर तोंड करून असतात, म्हणून हातमोजे घाला. या कोपऱ्यात कुणी फारसं चालत नाही, त्यामुळे इथली जाडी मूळ जाडी धरायची. मग दारातली पट्टी काढा आणि रोजच्या वाटेवरची जाडी मोजा. कोपऱ्यात 10 मिमी आणि वाटेवर 7 मिमी भरली तर फोम दबला आहे, तो बदलायचा. अंगठ्याने दाबून सोडल्यावर खळगा भरून आला नाही, घडी घातल्यावर तडा गेला किंवा बोटांना पूड लागली, तर मोजायचीही गरज नाही. फोमऐवजी घातलेला रबरी अंडरले (कार्पेटखालचा थर) जुना झाला की फरशीला चिकटतो नाहीतर त्याचा भुगा होतो. ज्यूटचा असेल तर कडेला वाळवीची माती आहे का ते नक्की पाहा.

खरी काळजी पाण्याची. मार्चपासून जूनपर्यंत खिडकीतला कूलर टपकत असतो आणि ते पाणी बरोबर भिंतीलगत मुरतं. वरून कार्पेट दुपारपर्यंत कोरडं दिसतं, पण फोम आत पाणी धरून ठेवतो. म्हणून वरच्या डागावर विसंबू नका, कार्पेट उलटून पाठीमागचा डाग बघा. तो बहुतेक वेळा मोठा निघतो. स्वच्छ पाणी सांडलं आणि 24 तासांच्या आत कार्पेट-फोम दोन्ही उचलून पंख्याखाली सुकवले तर फोम वाचतो. दोन दिवस ओला राहिलेला, काळे ठिपके आलेला, मोरीचं पाणी किंवा जनावराचा मूत पडलेला फोम मात्र फेकायचाच. शॅम्पूने तो वास जात नाही, दमट हवा आली की पुन्हा वर येतो.

तळमजल्यावर शाहाबादी फरशी असेल तर सांध्यांतून जमिनीची ओल वर येऊ शकते. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने फरशीला चिकटवा आणि दोन-तीन दिवसांनी उघडा. आतून थेंब दिसले किंवा फरशी काळसर पडली तर आधी ओलीचा बंदोबस्त करा, फोमचं नंतर. ही चाचणी सप्टेंबरच्या पावसानंतर घ्यावी. मे महिन्यात फरशी तापून कोरडी असते आणि निकाल फसवा येतो.

आता निर्णय. कार्पेट नवं टाकणार असाल तर फोमही नवाच घ्या, कारण जुन्या फोमवरच्या वाटा काही दिवसांत नव्या कार्पेटवर उमटतात आणि तिथेच ते विरतं. कार्पेटचंच आयुष्य वर्षभराचं उरलं असेल आणि फोम कोरडा, बिनवासाचा असेल, तर राहू द्या. कार्पेट चांगलं आहे पण नुकसान कूलरखालीच आहे, अशा वेळी कार्पेट उलटून डागाच्या बाहेर सहा इंच सोडून फोमचा सरळ चौकोन कापा, फरशी धुऊन पूर्ण वाळवा आणि त्याच जाडीचा तुकडा बसवून सांध्यावर टेप मारा. जाडी जुळली नाही तर पायरी होते आणि कार्पेट त्या रेषेवर झिजतं.

नवा घेताना 12 बाय 10 फुटांच्या खोलीला 120 चौरस फूट अधिक दहा टक्के, म्हणजे 132 धरा. चाकांच्या खुर्च्या असतील तिथे जाड मऊ फोम नको, चाकं रुततात आणि कार्पेटला सुरकुत्या पडतात. 6 ते 8 मिमीचा घट्ट फोम बरा. ऑर्डर देण्याआधी दार मोकळं उघडेल ना, तेही बघून घ्या. फोम ग्रिपर पट्टीपर्यंतच आणायचा, तिच्यावर चढवायचा नाही. सांधे एकमेकांना भिडवायचे, एकावर एक नाहीत, आणि कार्पेटचा सांधा फोमच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. शाहाबादीवर ग्रिपर पट्टी खिळ्यांनी ठोकू नका, फरशीची कड फुटते, चिकटवा.

पैशांचा वाद टाळायचा तर करारनाम्याच्या यादीत कार्पेट आणि फोम वेगळे लिहा, आणि मोजपट्टी लावून जाडीचा फोटो जोडा. चालून दबलेला फोम ही वापराची झीज आहे, त्यासाठी डिपॉझिट कापणं योग्य नाही. भाडेकरूच्या कूलरने भिजला तर गोष्ट वेगळी. फोमचा उरलेला तुकडा तारीख टाकून माळ्यावर ठेवा, पुढे ठिगळ लावायला तीच जाडी बाजारात मिळेलच असं नाही.