स्टीलचे छर्रे लागूनही बदक उडून जायचं: माझा अनुभव
अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे चालत नाहीत. स्टीलवर आलो, छर्ऱ्याचा नंबर मात्र जुनाच ठेवला, ४ (नंबर जितका लहान, तितका छर्रा मोठा). पिसं उडायची, बदक पुढे निघून जायचं. जखमी पक्षी असा हातचा गेला की मनाला लागतं. फुल चोक लावला, म्हणजे छर्रे एकवटावेत म्हणून बंदुकीच्या नळीचं तोंड बरंच अरुंद करणारा तुकडा, साडेतीन इंची काडतूस घेतलं. खांदा तेवढा ठणकला.

स्टील शिशापेक्षा हलकं, म्हणून छर्रा दोन नंबरांनी मोठा हवा. १२ बोअरसाठी ३ इंची, सव्वा औंसाचं, २ नंबरचं काडतूस आणलं. स्टीलला चालणारा मॉडिफाइड चोक, फुलपेक्षा कमी अरुंद, बसवला. ४० यार्डांवर मोठा कागद, त्यावर एकच बार, मग सर्वांत दाट भागाभोवती ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढून भोकं मोजली. पाच कागदांची सरासरी ८५ भोकांच्या वर गेली. ३५ यार्डांपुढे आता बार काढत नाही.