रायफलचा चामडी पट्टा भेट देताय? या चुका टाळा

सातारा जिल्ह्यात फौजींची गावंच्या गावं आहेत. त्यातल्या अपशिंग्याला तर सगळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. अशा एखाद्या घरी परवान्याची रायफल किंवा बारा बोअर असेल, तर हाताने शिवलेल्या पट्ट्यासारखी भेट नाही. पण कमरेच्या पट्ट्यावर बसलेला हात तसाच इथे चालवला की काम बिघडतं. या पट्ट्यावर साडेतीन-चार किलोचं हत्यार लटकतं आणि चालताना त्याला सतत हिसके बसतात. म्हणून नाव, नक्षी, रंग यांचा विचार नंतर. आधी माप, कातडं आणि टोकाची शिवण.

अंदाजाने घेतलेलं माप

भेट गुपित ठेवायची म्हणून बरेच जण न मोजताच पट्टा कापतात. बंदुकीवरच्या कड्या, म्हणजे स्विव्हल, बहुधा 25 किंवा 32 मिमी रुंदीच्या असतात. पट्टा कडीपेक्षा 1 मिमी अरुंद ठेवा. काठोकाठ बसणारा पट्टा भिजला की फुगतो, कडीत अडकतो आणि कडेला चीर पडते. माप घ्यायला बंदूक घरी आणू नका. ती परवानाधारकाकडेच राहू द्या. ती रिकामी आहे हे त्यांनीच तपासावं आणि कडीची आतली रुंदी मोजून सांगावी. जुन्या दुनळीला कधी कधी कड्याच नसतात. तेव्हा दस्त्याला आपण भोक पाडायचं नाही, ते काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याचं.

90 ते 100 सेंमी तयार लांबीसाठी 130 सेंमीची पट्टी लागते. पुढच्या घडीला 7 सेंमी जातात, मागे लांबी कमी-जास्त करायला 20 सेंमी, आणि उरलेलं छाटणीत.

कातडं चुकलं की पुढचं सगळं वाया

बॅगांच्या दुकानातलं मऊ चामडं बहुतेक क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर कमावलेलं असतं. ते ताणलं जातं, त्याच्या कडा घासून गुळगुळीत होत नाहीत आणि ठसाही नीट उठत नाही. आपल्याला हवं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींवर कमावलेलं, 3 ते 3.5 मिमी जाडीचं. कोल्हापुरी चपलेचं कातडं याच जातीचं. त्या चपलेला 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे आहेत, तेव्हा अशा कातड्याची पारख असलेले कारागीर लांब शोधावे लागत नाहीत. शंका असेल तर कापलेली कड बघा. आत निळसर-करडी रेघ दिसली तर ते क्रोमचं. छोटा तुकडा उकळत्या पाण्यात टाकला तरी कळतं: वनस्पतीवर कमावलेला लगेच आकसून कडक होतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे पोटाकडच्या भागातून किंवा आडवी पट्टी काढणं. पोटाचं कातडं सैल असतं. पट्टा महिनाभरात लांबतो आणि भोकं लंबगोल होतात. पट्टी नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापा. आपल्याकडे म्हशीचं कातडं जास्त मिळतं. त्याचा पोत भरड असतो, पण पाठीचा भाग पट्ट्याला उत्तम. पट्टी किंचित ओलसर करून एका टोकाला 10 किलो वजन बांधून रात्रभर टांगून ठेवा. काय वाढायची ती तेव्हाच वाढते. पंच त्यानंतर मारायचा.

काळे डाग

पट्टा तयार आणि कडीपाशी शाईसारखा काळा डाग! याचं कारण लोखंड. वनस्पतींवर कमावलेल्या कातड्यातलं टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, आणि ओलं लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो, आणि तो पुसून जात नाही. पितळी दिसणारं बक्कल आतून लोखंडाचं असू शकतं, म्हणून खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर घेऊ नका. ओल्या कातड्याजवळ लोखंडी पट्टी, चिमटे, गंजकी रापी यांपैकी काहीच नको.

शिवण आणि स्क्रू

पुढची घडी घालण्याआधी आतल्या बाजूने कातडं निम्म्या जाडीपर्यंत सोला. सोललं नाही तर घडी फुगते, कडीत फिरत नाही आणि वाकलेल्या जागी तडकते. शिवण कडेपासून 4 मिमी आत आणि टाका 4 मिमीचा. दोरा मेण लावलेला पॉलिस्टर, 0.8 मिमी, शिवणीच्या चौपट आणि वर एक हात. दोन सुया घेऊन दोन्ही बाजूंनी टाका घाला. मशीनच्या शिवणीत एक टाका झिजला की शेजारचे सैल होत जातात, या टाक्यात प्रत्येक टाका स्वतंत्रपणे धरतो. शेवटी तीन टाके उलटे घाला. शिवणीला गोल पंचची मोठी भोकं पाडू नका, आरीच वापरा. सुती दोरा पावसात कुजतो.

मागच्या टोकाला पेचाचे रिव्हेट वापरता तेव्हा आट्यांना लॉक करणारं द्रव्य थेंबभर लावा, नाहीतर चालताना पेच सुटतो. पेचाचं डोकं दस्त्याच्या बाजूला आलं तर पॉलिशवर ओरखडे उठतात. ते बाहेरच्या बाजूला ठेवा.

नावाचा ठसा

एकेक अक्षराच्या ठशांनी देवनागरी नाव उमटवायला गेलं की शिरोरेखा तुटते, मात्रा वर-खाली होतात, जोडाक्षराचे तर हालच. पत्रिकांवर सोनेरी छपाई करणाऱ्यांकडून पूर्ण नावाचा एकच जस्ताचा किंवा पितळेचा ब्लॉक करून घ्या. अक्षरांची उंची 12 मिमीच्या आत असू द्या. कातडं ओलं करून मूळ रंग परतू लागेपर्यंत थांबा. हाताला गार लागतं पण ओलं दिसत नाही, ती वेळ खरी. जास्त ओल्यावर ठसा पसरतो, तेल दिलेल्यावर उठतच नाही. म्हणून क्रम असा: ठसा, रंग, तेल, मेण.

रंग वाळल्यावर कोरड्या कापडाने खसाखसा पुसा, मग ओल्या पांढऱ्या कापडाने तपासा. कापडावर रंग उतरत असेल तर पावसाळ्यात तो शर्टावरही उतरणार. नीट्सफूट तेलाचे (गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढलेलं, चामड्यासाठीचं तेल) दोनच पातळ हात द्या, मध्ये एक दिवस जाऊ द्या. भरपूर तेल पाजलेला पट्टा लुळा पडतो आणि लांबतो. घरातलं गोडेतेल खवट होऊन चिकटतं, ते टाळा. वरून मधमाशांचं मेण. महाबळेश्वरकडे मधाचा धंदा जुना असल्याने तिथे ते मिळू शकतं.

देण्याआधी पट्टा खुंटीला अडकवून 20 किलोचं ओझं दहा मिनिटं टांगा. घडी उकलली किंवा टाका सरकला तर तेवढी शिवण उसवून पुन्हा घाला. बांधणी प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी येते. सुती कापडात गुंडाळा आणि सोबत चिठ्ठी ठेवा: भिजला तर सावलीत वाळवा, वर्षातून एकदा मेण लावा, पावसाळ्यात कपाटात ठेवताना बंदुकीवरून काढून ठेवा, नाहीतर चामड्यातली ओल नळीला गंज चढवते.