जुन्या रोल्स-रॉइस, बेंटलीत सापडलेले कागद

गाडी साफ करायला घेण्याआधी सीटखाली, ग्लोव्हबॉक्सच्या अस्तरामागे आणि दाराच्या पॅनेलमागे टॉर्च मारून बघा. व्हॅक्यूम नंतर. कागद जिथे सापडला तिथेच आधी त्याचा फोटो काढा.

ओले, चिकटलेले कागद ओढून सोडवू नका. शाईसकट वरचा थर निघतो. टीपकागदांच्या मधे ठेवून सावलीत, पंखा दूर ठेवून सुकवा. हेअर ड्रायर नको, ऊनही नको. लगेच वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते. गंजलेली टाचणी खेचू नका. तिच्याखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून मग हळूच काढा. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको. साठवायला पॉलिएस्टरची पाकिटं घ्या, पीव्हीसीची नकोत, कारण त्यांना शाई चिकटते.

ब्रिटनमधल्या गाडीत जुनं लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचं पुस्तक) मिळालं तर ते सोन्यासारखं जपा. १९७४ पासून नोंदणी संगणकावर गेली आणि १९८३ पर्यंत संगणकावर न हलवलेले गाड्यांचे नोंदणी नंबर नोंदीतून गळले. असा मूळ नंबर परत मिळवायला व्ही-७६५ अर्ज असतो. त्याला जुन्या गाड्यांच्या मान्यताप्राप्त क्लबचा शिक्का आणि नंबर व चॅसी क्रमांक जोडणारा मूळ कागद लागतो. म्हणून लॉगबुकातला चॅसी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

काचेवरची गोल टॅक्स डिस्क (रस्ता कर भरल्याची कागदी चकती) हीही काढून टाकू नका: ब्रिटनमध्ये १९२१ ते २०१४ ही पद्धत होती, आणि त्यावरच्या मुदतीवरून गाडी शेवटची रस्त्यावर कधी होती याचा अंदाज येतो.