मत्स्यटाकीतील हिरवे पाणी नितळ कसे करावे

टाकीतील पाणी हिरवे पडले की अनेक जण सगळे पाणी उपसून, टाकी घासून नव्याने भरतात आणि थोड्याच दिवसांत पाणी पुन्हा हिरवे होते. हा रंग पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळाचा असतो आणि मागे उरलेल्या मूठभर पेशीही प्रकाश व पोषकद्रव्ये मिळताच झपाट्याने वाढतात. शिवाय फिल्टरही नळाखाली धुतला गेला असेल, तर माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात आणि तो अमोनिया शेवाळाला आयता मिळतो. म्हणून पाणी बदलण्याइतकेच शेवाळाचा प्रकाश तोडणेही महत्त्वाचे आहे.

आधी पांढऱ्या कपात थोडे पाणी घेऊन पाहावे. छटा हिरवी असेल तरच पुढील उपाय करावा. पाणी दुधी दिसत असेल, तर तो बहुधा जिवाणूंचा गढूळपणा असतो आणि त्यावर अंधाराचा उपयोग नाही.

सुरुवातीला साधारण एक तृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीतील पाण्याइतक्याच तापमानाचे असावे. मग दिवा बंद करून टाकी चारही बाजूंनी जाड कापडाने किंवा पुठ्ठ्याने अशी झाकावी की फटीतूनही उजेड शिरणार नाही, मात्र वरून हवा खेळती राहील. हा अंधार ३ ते ४ दिवस सलग ठेवावा. निरोगी मोठे मासे तेवढे दिवस खाद्याविना सहज राहतात, त्यामुळे खाद्यासाठी झाकण उघडू नये. पिल्ले असलेल्या टाकीत मात्र हा उपाय टाळावा. एअर पंप अखंड चालू ठेवणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू वापरला जातो आणि अंधारात वनस्पतीही प्राणवायू सोडत नाहीत. रोज कापडाचा कोपरा क्षणभर उचलून पाहावे आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर लगेच थोडे पाणी बदलून हवा वाढवावी.

झाकण काढल्यावर ३० ते ५० टक्के पाणी बदलावे, नाहीतर मृत पेशींतून सुटलेली पोषकद्रव्ये टाकीतच राहतात. याच वेळी पाण्यातील अमोनिया व नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात तो माशांना विषारी पदार्थ) तपासून घ्यावे. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा.

पाणी वारंवार हिरवे होत असेल, तर फिल्टरला जोडण्याचा यूव्ही दिवा घेणे मला सर्वांत खात्रीचे वाटते, कारण साध्या स्पंजातून निसटणाऱ्या सूक्ष्म पेशी त्याच्या प्रकाशात निकामी होतात. शेवाळ खाणारे मासे आणि गोगलगायी काचेवरचे शेवाळ खातात, तरंगणारे नाही. तांबेयुक्त शेवाळनाशके झिंगे व गोगलगायी असलेल्या टाकीत मुळीच वापरू नयेत.

पुढे टाकीवर थेट ऊन पडू देऊ नये, दिवा टायमर लावून ६ ते ८ तासच चालवावा आणि दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. जलद वाढणाऱ्या तरंगत्या वनस्पती टाकीत सोडल्यास त्या शेवाळाचे खाद्य आणि उजेड दोन्ही हिरावून घेतात. मात्र त्या पृष्ठभागभर पसरू लागल्या की अधूनमधून विरळ कराव्यात.